दमोह ते कॅलिफोर्निया : बिनपंथी चर्चच्या दारात

अमेरिकेची सरकारी जनगणना माणसाला त्याचा धर्म विचारत नाही. ते काम तिथल्या धर्मसंस्थांच्या आकडेवारीचा अभ्यास करणारी एक संघटना दर दहा वर्षांनी करते. २०२० सालच्या मोजणीत कोणत्याही पंथाशी संलग्न नसलेली ४४,३१९ चर्च नोंदली गेली आणि त्यांच्याशी जोडलेली माणसे भरली २ कोटी १० लाखांहून अधिक. दहा वर्षांपूर्वी हीच संख्या सुमारे १ कोटी २२ लाख होती. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, लुथरन ही आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासात पानोपानी भेटणारी नावे याच काळात आक्रसत होती. म्हणजे पाटीवर पंथाचे नाव नसलेले चर्च वाढते आहे आणि नाव असलेले ओसरते आहे.

या चर्चला मराठीत काय म्हणावे हा पहिला प्रश्न. ‘पंथनिरपेक्ष’ म्हटले की हिंदीतली राज्यघटनेची उद्देशिका आठवते. ‘अपंथीय’ हा शब्द कोशात शोभेल, बोलण्यात नाही. मी आपला ‘बिनपंथी’ म्हणतो. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो, पाद्र्याला ‘पाळक’ आणि रविवारच्या प्रार्थनेला ‘उपासना’. तेच शब्द इथे वापरले आहेत.

मी ख्रिस्ती नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या कागदांत गेली बावीस वर्षे जमेल तसे डोके घालतो आहे. नोकरी पोस्टातली, अभ्यास रविवारचा. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये त्यामुळे ओळखी झाल्या, आणि गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार कानावर येऊ लागली. अमक्याचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो ‘त्या हॉलातल्या’ चर्चला जातो. तमक्याची मुलगी टेक्सासला आहे, तिच्या चर्चला म्हणे क्रूसच नाही, पण पार्किंगला झेंडे घेऊन माणसे उभी असतात. सांगणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रार, थोडे कौतुक. हे चर्च आले कुठून याचा माग काढताना कॅलिफोर्नियापर्यंत जावे लागेल हे ठाऊक होते. तिथून वाट पुन्हा आपल्या मध्यप्रांतात येईल अशी कल्पना नव्हती.

आधी नवख्या माणसाला तिथे काय दिसते ते सांगतो, कारण सगळा इतिहास त्या दिसण्यातच दडलेला आहे.

इमारत चर्चसारखी नसते. गोदाम, शाळेचे सभागृह, बंद पडलेला मॉल, आपल्याकडे हॉटेलातला बँक्वेट हॉल. दारात हसतमुख तरुण-तरुणी एकसारखे टी-शर्ट घालून उभे असतात. ते नाव विचारतात आणि ते चिकटपट्टीवर लिहून छातीवर लावतात. फक्त नाव, आडनाव नाही. लहान मुले असतील तर त्यांची वेगळी नोंद होते. मुलाच्या पाठीवर एक क्रमांक आणि आईच्या हातात त्याच क्रमांकाची चिठ्ठी, म्हणजे उपासना संपल्यावर भलत्याच्या हाती मूल जायला नको. मग कॉफी. कॉफीचा कप घेऊन आत जाता येते, याचे आमच्या नगरच्या वडीलधाऱ्यांना सर्वांत नवल वाटते. आत बाके नाहीत, सुट्या खुर्च्या. समोर वेदी नाही, रंगमंच. पडद्यावर उलटी मोजणी चालू असते, पाच मिनिटे, चार मिनिटे, आणि शून्याला ड्रम वाजतो. दिवे मंदावतात. वीस-पंचवीस मिनिटे उभ्याने गाणी. गीतांचे पुस्तक कोणाच्याच हातात नाही, शब्द पडद्यावर. त्या शब्दांच्या खाली अगदी बारीक अक्षरांत एक परवाना क्रमांक असतो, त्याची हकीकत पुढे येईल. मग पाळक येतो. झगा नाही, गळपट्टी नाही, जीन्स आणि शर्ट. अर्धा-पाऊण तास बोलतो. विषय संसारातला असतो, म्हणजे राग, कर्ज, नवरा-बायको, मुलांचे संगोपन, आणि त्याला जोडून पवित्र शास्त्रातला उतारा. असे चार-सहा रविवार एका विषयाची मालिका चालते, नाटकाच्या जाहिरातीसारखी तिची चित्रे लावतात. अर्पणाच्या वेळी आवर्जून सांगतात की पाहुण्यांनी काही देण्याची गरज नाही. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला ख्रिस्ताचा स्वीकार करावासा वाटतो त्याने हात वर करायचा. बाहेर पडताना एक टेबल असते, तिथे आपला फोन नंबर द्यायचा. आठवड्याच्या आत कोणीतरी फोन करते आणि आपल्या भागातल्या घरगुती गटाचे आमंत्रण मिळते.

प्रभुभोजन दर रविवारी असेलच असे नाही. असले तर पुष्कळ ठिकाणी एका छोट्या बंद कपात असते. वरचे झाकण उघडले की पापडाएवढी चकती, खालचे उघडले की द्राक्षरस.

हे सारे सहज वाटते. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवून, कशाच्या तरी विरोधात उभी केलेली आहे.

खुर्चीपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या पुष्कळ चर्चमध्ये बाके भाड्याने दिलेली असत. ज्या घराण्याने जास्त भाडे भरले त्याचे बाक पुढे. चर्चचा खर्च त्यातून चाले. परका माणूस आला तर त्याने मागे किंवा सज्जात बसायचे, आणि बाकाचा मालक उशिरा आला तर उठायचे. याविरुद्ध ‘मोफत बाकांची’ चळवळ झाली. तिच्यातले मोठे नाव चार्ल्स फिनी. वकिली सोडून हा माणूस उपदेशक झाला. १८३०-३१च्या हिवाळ्यात रॉचेस्टर शहरात त्याने ज्या सभा घेतल्या त्यांची आठवण अमेरिकेच्या धर्मेतिहासात अजून काढतात. १८३२ साली न्यूयॉर्कमधले चॅटम स्ट्रीटवरचे एक थिएटर भाड्याने घेऊन त्याच्यासाठी चर्च केले गेले. बाकांना भाडे नाही, कोणीही या, कुठेही बसा. थिएटरात उपासना भरवणे ही आजच्या तरुण पाळकांना आपली कल्पना वाटते. ती जवळपास दोनशे वर्षे जुनी आहे.

फिनी सभेत पुढचे एक बाक रिकामे ठेवी. ज्याच्या मनात कालवाकालव झाली आहे त्याने उठून सगळ्यांदेखत तिथे येऊन बसायचे. लोक त्याला चिंतेचे बाक म्हणत. आजचा मिटल्या डोळ्यांनी वर केलेला हात हा त्या बाकाचा वंशज. संकोच कमी झाला एवढाच फरक. फिनीचे म्हणणे असे होते की लोकांच्या मनात धर्म जागा होणे हा काही अवचित घडणारा चमत्कार नाही. योग्य साधने योग्य रीतीने वापरली तर पेरलेले उगवते तसे तेही घडते. १८३५च्या त्याच्या व्याख्यानांच्या पुस्तकात हा विचार आहे आणि माझ्या मते आजच्या बिनपंथी चर्चचा खरा पाया तोच. साधन बदलता येते. बाक, गाणे, दिवे, कॉफी, सगळे साधनच.

याच फिनीबद्दल एक गोष्ट मात्र त्याचे चाहते घाईने ओलांडतात. तो गुलामगिरीचा कडवा विरोधक होता, गुलाम बाळगणाऱ्याला त्याने प्रभुभोजन नाकारले. पण त्याच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांची बसायची जागा वेगळीच राहिली. ती एकत्र करावी असा आग्रह धरणारे लुईस टॅपन हे त्याचे आश्रयदाते, आणि त्यांच्याशी त्याचे या मुद्द्यावर पटले नाही. मोफत बाकांच्या चर्चमध्येही कोणी कुठे बसायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता.

मधली शंभरेक वर्षे ओलांडून १९५५ सालात येतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज परगण्यात रॉबर्ट शूलर नावाचा तरुण पाळक पोचला. त्याला उपासनेला जागा मिळेना. त्याने गाडीत बसून सिनेमा पाहायचे एक उघडे थिएटर रविवारी सकाळपुरते घेतले आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या टपरीच्या छतावर उभा राहून उपदेश सुरू केला. लोकांनी गाडीतच बसायचे, आहे त्या कपड्यांत यायचे. शूलर डच परंपरेतल्या एका जुन्या पंथाचा दीक्षित पाळक होता, पण त्या भागात त्या पंथाला कोणी ओळखत नव्हते. मग पाटीवरून पंथाचे नाव गेले आणि ‘कम्युनिटी चर्च’ आले. बिनपंथी पाटीचा उगम तत्त्वज्ञानात शोधणाऱ्यांनी ही व्यवहारी बाजू ध्यानात ठेवावी. पुढे १९८० साली त्याने फिलिप जॉन्सन या नामवंत वास्तुरचनाकाराकडून दहा हजारांहून अधिक काचांचे क्रिस्टल कॅथीड्रल बांधून घेतले. २०१० साली संस्थेने दिवाळे जाहीर केले आणि इमारत रोमन कॅथलिक धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली. पाटी पुसून उभे राहिलेले ते काचघर आज जगातल्या सर्वांत जुन्या पाटीखाली आहे.

कपड्यांची आणि गिटारची कथा शूलरपासून काही मैलांवरच्या कोस्टा मेसाची. चक स्मिथ १९६५ साली तिथल्या कॅल्व्हरी चॅपल नावाच्या पंचवीसेक माणसांच्या मंडळीत आला. दोन-तीन वर्षांत किनाऱ्यावरची हिप्पी पोरे येऊ लागली, लांब केस, अनवाणी, वाळूने माखलेली. मंडळीतल्या कोणीतरी नव्या गालिच्याच्या काळजीने अनवाणी येऊ नये अशी पाटी लावली. स्मिथने ती काढली आणि गालिचा अडचण होत असेल तर गालिचाच काढू असे पंचांना सांगितले. ही कथा त्या मंडळीत आपल्याकडच्या संतचरित्रांतल्या कथेसारखी सांगतात. त्या पोरांनी आपली गाणी आणली. ऑर्गन गेला, गिटार आली. १९७१ साली टाइम साप्ताहिकाने या ‘येशूच्या पोरांवर’ मुखपृष्ठ केले आणि त्याच वर्षी कॅल्व्हरी चॅपलने मरानाथा या नावाने गाणी ध्वनिमुद्रित करून विकायला सुरुवात केली.

गाणी नवी म्हणजे गीतकार जिवंत, आणि गीतकार जिवंत म्हणजे त्याचा हक्क जिवंत. चर्चमध्ये बिनदिक्कत सायक्लोस्टाइल करून गाणी वाटण्याची सवय होती. शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर एका प्रकाशकाने यावरून दावा लावला तेव्हा सगळेच घाबरले. त्यातून १९८८ साली एक परवाना संस्था सुरू झाली. चर्चने वर्षाची फी भरायची आणि गाण्याखाली परवाना क्रमांक दाखवायचा. पडद्यावरची ती बारीक अक्षरे म्हणजे हीच. आमच्या नगरच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ मांडीवर घेऊन टिळकांची पदे म्हणणाऱ्यांना असल्या क्रमांकाची गरज पडली नाही.

उरली कॉफी, पार्किंग आणि संसारातले विषय. १९७५च्या ऑक्टोबरात शिकागोच्या उपनगरात बिल हायबल्स आणि त्याच्या मित्रांनी विलो क्रीक नावाचे सिनेमागृह रविवार सकाळसाठी भाड्याने घेतले. भाड्यासाठी त्यांनी घरोघरी टोमॅटो विकले. त्याआधी घरोघरी जाऊन ते एक प्रश्न विचारत होते. तुम्ही चर्चला जाता का? हो म्हटले तर नमस्कार करून पुढचे दार. नाही म्हटले तर विचारायचे, का जात नाही? सदा पैसे मागतात, कंटाळा येतो, आमच्या जगण्याशी संबंध नाही, अपराधी वाटायला लावतात, अशी उत्तरे आली. त्या प्रत्येक उत्तराची दुरुस्ती म्हणून नवी उपासना आखली गेली. पाहुण्यांनी पैसे देऊ नयेत ही सूचना त्या दारांवरून आलेली आहे.

मालाचा खप वाढवायचा तर गिऱ्हाइकाला विचारा, हे व्यापाऱ्याचे तंत्र. यावर हायबल्सवर टीका खूप झाली. मला त्या टीकेत अर्धाच दम वाटतो. न येणाऱ्याला तू का येत नाहीस असे विचारण्यात एक नम्रताही आहे. आपल्याकडच्या किती देवस्थानांनी आणि साहित्य संमेलनांनी तो प्रश्न कधी विचारला? मात्र प्रश्न कोणाच्या दारावर जाऊन विचारला हेही पाहिले पाहिजे. शिकागोचे ते उपनगर सुखवस्तू आणि गोऱ्यांचे होते.

इथून गोष्ट आपल्याकडे वळते.

१९७४ साली रिक वॉरन नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी जपानमध्ये नागासाकीला मिशनच्या कामावर होता. तिथे त्याच्या हाती एक जुने मासिक पडले. त्यात डोनाल्ड मॅकगाव्हरन या माणसावर लेख होता. आपल्या आयुष्याची दिशा त्या लेखाने ठरली असे वॉरनने आपल्या १९९५ सालच्या गाजलेल्या पुस्तकात नोंदवले आहे. १९८०च्या ईस्टरला त्याने कॅलिफोर्नियात सॅडलबॅक चर्चची पहिली जाहीर उपासना एका शाळेच्या नाट्यगृहात घेतली. त्याआधी १५,००० घरांना पत्रे टाकली होती. २०५ माणसे आली. पुढे ही मंडळी हजारोंची झाली. सॅडलबॅक कागदोपत्री सदर्न बाप्टिस्ट होते, पण पाटीवर ते कधीच नव्हते. बायकांना पाळकपद दिले म्हणून २०२३ साली त्या पंथाने त्याला बाहेर काढले, तेव्हा ते बाप्टिस्ट होते हे कित्येकांना पहिल्यांदा कळले असेल.

वॉरनने एक काल्पनिक माणूस तयार केला होता, ‘सॅडलबॅक सॅम’. शिकलेला, नोकरीत स्थिर, उत्तम घर, डोक्यावर कर्ज, चर्चबद्दल संशयी. उपासना या सॅमला रुचेल अशी करायची. गाणी त्याच्या गाडीतल्या रेडिओवरची, कपडे त्याच्या सुट्टीच्या दिवसाचे. सॅमच्या शेजारी सॅमसारखाच माणूस बसलेला असला की सॅमला अवघडल्यासारखे होत नाही. वॉरनने ज्याच्यावरचा लेख वाचला होता त्या मॅकगाव्हरनचा सगळा विचार याच शेवटच्या मुद्द्याभोवती फिरतो.

मॅकगाव्हरनचा जन्म १८९७ साली दमोहचा. आता ते मध्य प्रदेशात आहे, तेव्हा मध्यप्रांतात, ज्यात पुढे नागपूर-वऱ्हाडही एकत्र नांदले. मिशनरी घराण्यातली त्याची तिसरी पिढी. १९२३ साली तो अमेरिकेतून शिकून परत आला आणि शाळा, दवाखाने, हिशेब यात बुडाला. त्याला एक गोष्ट छळत होती. मिशनचा एवढा पैसा आणि एवढी माणसे, तरी बहुतेक ठाण्यांवर मंडळी वाढत नव्हती, आणि थोड्या ठिकाणी मात्र झपाट्याने वाढत होती. असे का? १९३३ साली मेथडिस्ट मिशनरी वॅस्कम पिकेट यांचे भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांवरचे पुस्तक आले. पिकेटांनी दाखवले की भारतात बहुसंख्य ख्रिस्ती हे एकेकटे आलेले नाहीत. ते जातीने, नात्यागोत्याने, वस्तीच्या वस्तीने आले. मॅकगाव्हरन पिकेटांबरोबर मध्य भारतातल्या ठाण्यांची पाहणी करत फिरला. तेच दिवस डॉ. आंबेडकरांच्या येवल्याच्या घोषणेचे. समाजच्या समाज धर्म बदलू शकतो ही गोष्ट तेव्हा मिशनरी वर्तुळात रोजच्या चर्चेची होती. पुढची पुष्कळ वर्षे मॅकगाव्हरनने आताच्या छत्तीसगडमधल्या सतनामी समाजात काढली.

त्याचा निष्कर्ष असा. मिशनचे कंपाउंड बांधून त्यात एकेका धर्मांतरिताला आणून वसवणे ही पद्धत चुकीची आहे, कारण माणूस आपल्या माणसांपासून तुटतो. नगरच्या इतिहासात याचे दाखले हवे तेवढे आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंची जी वर्षे ताटातुटीत गेली, ती ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणाला वेगळी सांगायला नकोत. श्रद्धेची किंमत म्हणून माणसाने घर का मोजावे? मॅकगाव्हरनचा हा प्रश्न कणवेचा होता. त्यावर त्याने दिलेले उत्तर असे की वंश, भाषा किंवा वर्गाची भिंत ओलांडावी न लागता ख्रिस्ताकडे येता आले तर माणसे येतात. म्हणून ज्याला-त्याला त्याच्याच लोकांत राहून येऊ द्या. ‘ब्रिजेस ऑफ गॉड’ हे त्याचे पुस्तक १९५५चे, म्हणजे शूलर टपरीच्या छतावर चढला त्याच वर्षीचे. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने आपल्या नव्या मिशन विद्यालयाचा प्रमुख म्हणून त्याला बोलावले. तिथे त्याच्या हाताखालच्या पीटर वॅग्नर यांनी हे तत्त्व अमेरिकेतल्या शहरांना लावले. भारतात ‘जात’ जे काम करते ते अमेरिकेत उत्पन्न, शिक्षण, वर्ण आणि गाण्याची आवड करते. एका प्रकारच्या माणसांची एक मंडळी करा, ती वाढते.

ती वाढलीच. तत्त्व खोटे नव्हते, हीच अडचण होती.

मार्टिन ल्यूथर किंग १९६० साली दूरचित्रवाणीवर म्हणाले होते की ख्रिस्ती अमेरिकेतला सर्वांत भेदभावाचा तास म्हणजे रविवारी सकाळी अकराचा. ज्या तासाबद्दल त्यांना लाज वाटत होती त्याच तासाला मॅकगाव्हरनच्या शिष्यांनी वाढीचे सूत्र दिले. १९७७ साली पॅसाडिना येथे यावर एक परिषद भरली. लॅटिन अमेरिकेतले रेने पाडिया यांनी तिथे आणि नंतरही ठामपणे मांडले की पहिल्या शतकातल्या मंडळीत यहुदी आणि परके, गुलाम आणि मालक एका ताटावर बसत होते आणि हीच त्यांची ओळख होती. भारतातून आलेल्या तत्त्वाचे खंडन भारतातल्या दाखल्यानेही करता आले असते. १८३३ सालीच कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिले होते की प्रभुभोजनात आणि बसण्याच्या जागेत जात पाळणे बंद झाले पाहिजे. तंजावरकडे त्यावरून मोठे वादळ झाले, कित्येक जण मंडळी सोडून गेले. विल्सन यांना संख्या घटलेली चालली. मॅकगाव्हरनला ती चालली नसती.

बिनपंथी असणे हीही अमेरिकेची विसाव्या शतकातली नवलाई नाही. मॅकगाव्हरन ज्या ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ मंडळीचा होता, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बार्टन स्टोन आणि अलेक्झांडर कॅम्पबेल यांच्या चळवळीतून निघाली. पंथ नकोत, मतपत्रे नकोत, फक्त शास्त्र आणि ख्रिस्त, एवढेच त्यांचे म्हणणे. शंभर वर्षांत त्या चळवळीचेच दोन पंथ झाले, पुढे तीन. आपल्याकडच्या महानुभाव-वारकऱ्यांच्या शाखा-उपशाखा ज्यांनी अभ्यासल्या त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. गंमत अशी की याच डिसायपल्सच्या भारतातल्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात इतर पाच पंथांबरोबर एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाल्या. म्हणजे एकाच सुमारास कॅलिफोर्नियात पंथाच्या पाट्या उतरत होत्या आणि नागपुरात सहा पाट्यांची एक पाटी होत होती. पहिला मार्ग सोपा, कोणाला विचारावे लागत नाही. दुसऱ्याला चाळीसेक वर्षांच्या वाटाघाटी लागल्या.

महाराष्ट्रात तिसराही मार्ग होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, पण त्या पंथाची शिस्त मानायला नकार दिला. केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याच पंथाचे नव्हते. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबारही पांगला. नवख्यासाठी दार किती उघडे ठेवावे याचा इतका धीट प्रयोग मला सॅडलबॅकमध्येही दिसत नाही. तिथे नवख्याला कॉफी मिळते. टिळकांच्या दरबारात त्याला जागा मिळत होती, आणि तीही त्याने आपला धर्म सोडण्याआधी.

पंथाची पाटी नसण्याची एक किंमत असते, ती विलो क्रीकने मोजली. २०१८ साली हायबल्सवर अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले. त्याने ते नाकारले, पण एप्रिलमध्ये पद सोडले. ऑगस्टमध्ये वडीलमंडळाने स्त्रियांवर आधी विश्वास ठेवला नाही याची माफी मागून सामुदायिक राजीनामा दिला. वर बिशप नाही, धर्मसभा नाही, दाद मागायची तर त्याच मंडळाकडे, जे त्या पाळकाच्या छायेत वाढले. पाटी असलेल्या चर्चमध्ये असे घडत नाही असे मुळीच नाही, कॅथलिक चर्चचा अलीकडचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्याकडच्या जुन्या मंडळ्यांचे जमिनीचे खटले कोर्टांत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. पण तक्रार कुठे करायची ते दार तरी माहीत असते. नव्या माणसाने कॉफी घेताना एवढे विचारावे की इथे पाळकाला जाब कोण विचारतो. उत्तर सरळ मिळाले तर ती मंडळी चांगली असण्याची शक्यता आहे.

आता माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांविषयी. नगर तालुक्यातल्या एका खेड्यातले हे गुरुजी आयुष्यभर गावच्या मंडळीत हार्मोनियम वाजवत आले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते नातवाकडे पुण्याला गेले. नातू हॉलातल्या चर्चचा. मी त्यांना फोनवर विचारले, तेव्हा वाटले होते आवाजाची, अंधाराची तक्रार करतील. केलीही. मग म्हणाले, “पण एक सांगू का? तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. छातीवर नुसतं नाव लावलं. अहो, नगरला मला कुणी नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न काय असतो, तुम्हाला ठाऊक आहे.”

मला ठाऊक होते. आडनाव आणि गाव कळले की आजा कोण होता ते कळते, मग तो ख्रिस्ती होण्याआधी कोण होता तेही. तीन-चार पिढ्या झाल्या तरी तो प्रश्न मिटत नाही, मंडळीच्या आतही. जातीच्या निरीक्षणातून जन्मलेल्या पद्धतीने कॅलिफोर्नियात वळसा घेऊन पुण्यात यावे आणि गुरुजींच्या छातीवरून आडनाव काढून घ्यावे, हे मॅकगाव्हरनच्या कोणत्याच आलेखात नसेल. त्याच्या टीकाकारांच्याही नाही.

मी त्या हॉलात एका रविवारी जाऊन आलो. दहाची उपासना इंग्रजीत, तीनेकशे माणसे, बहुतेक तिशीतली, कंपनीचे ओळखपत्र गळ्यात नसले तरी असल्यासारखी. पाळक मराठी निघाला, कोपरगावकडचा, मोकळा आणि हुशार. त्याला मी विचारले, मराठीत काही करत नाही का? करतो की, म्हणाला, दुपारी चारला. त्या उपासनेला मी थांबलो. तोच हॉल, त्याच खुर्च्या. साठेक माणसे. धुणीभांडी करणाऱ्या बायका, दोन ड्रायव्हर, सोसायट्यांचे वॉचमन, काही मुले. ड्रमच्या जागी ढोलकी. पडद्यावर मराठी शब्द, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह. लोक बसून गात होते, आणि सकाळपेक्षा मोठ्याने. दोन वेळा कशाला, असे विचारले तर पाळक म्हणाला, ज्याला जिथे मोकळे वाटते तिथे तो येतो, आम्ही कोणाला अडवत नाही. मॅकगाव्हरनचे नाव त्याने ऐकलेले नव्हते.

गुरुजी त्या दिवशी दोन्ही वेळेला होते. चारच्या उपासनेत त्यांना हार्मोनियमवर बसवले होते. नातू सकाळीच येऊन गेला होता. चारला बायकांपैकी एकीने त्यांना त्यांचे गाव विचारले. त्यांनी सांगितले, आणि तीही नगरकडचीच निघाली.